पावसाचा रकाना

मे संपता संपता बोईसरमधल्या कुठल्याही आंब्याचं पान बोटानं पुसून पाहावं. बोट काळं होतं. एमआयडीसीच्या बाजूची झाडं तर मुळात हिरवी असतात हे आठवावं लागतं. दिवाळीच्या तोंडावर पाऊस जातो. तेव्हापासून सात-आठ महिने हवेत जे जे सोडलं गेलं, त्यातलं बरंचसं असं कोरडंच पानांवर, पत्र्यांवर, काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांवर बसत राहतं. उरलेलं तरंगतं आणि ढगांची वाट पाहतं. मग एका दुपारी तारापूरच्या किल्ल्यामागे समुद्र काळा पडतो, चिंचणीच्या सुरूंमध्ये वारा घुमायला लागतो आणि पहिली सर येते. धूळ बसल्याचा वास सगळ्यांना आवडतो. बोईसरला त्या वासात आणखी एकदोन वास मिसळलेले असतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही आणि नाव देतही नाही.

पहिल्या पावसाचं पाणी धरायला आमच्या आजीची बंदी होती. किनाऱ्याच्या गावात विहिरी मचूळ, त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. म्हणून पावसाळाभर पागोळ्यांखाली हंडे-कळशा लावायचा रिवाज. पण सुरुवातीच्या सरी नुसत्याच वाहू द्यायच्या. “पत्रे धुतले जाऊदे आधी,” ती म्हणायची. ती फक्त पत्र्यांचं म्हणत होती. तिच्या पत्र्यांच्या वर काही किलोमीटर उंचीपर्यंत हवाही धुतली जात असते आणि सरीच्या पहिल्या काही मिलिमीटरांतच मळाचा मोठा वाटा खाली येतो, हे मला फार पुढे कळलं.

निव्वळ पाणी असलेला पाऊस कुठे पडतच नाही. ढगातल्या थेंबाला भोवती जमायला कणाची जागा लागते, म्हणजे जन्मतःच पोटात काहीतरी असतं. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि अगदी निर्मळ हवेतलं पाणीसुद्धा किंचित आंबट होतं. त्याचा सामू (पीएच) ५.६च्या आसपास येतो. सामू एकानं उतरला की आंबटपणा दहापट वाढतो, म्हणून दशांशातल्या फरकालाही वजन असतं. पण खरी गंमत सामूत नाही, त्यामागच्या क्षारांत आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या पावसात सोडियम सापडलं तर ते अरबी समुद्राचं. लाट फुटते, तुषार उडतात, मीठ वर जातं. कॅल्शियम मातीचं, रस्त्याचं, सिमेंटचं, आणि वारा तसा असला तर थेट थरच्या वाळवंटाचं. अमोनियम गोठ्याचं आणि युरियाचं. नायट्रेट अहमदाबाद हायवेवरून रात्रभर धावणाऱ्या ट्रकांचं, थोडं विजांचंही. सल्फेट कोळशाचं आणि जड तेलाचं, म्हणजे बॉयलरचं. आणि पोटॅशियम बव्हंशी लाकूडपाला जळल्याच्या धुराचं. आमच्याकडे उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, गवताचे थर रचून पेटवतात. म्हणजे वाड्या-विक्रमगडच्या माळावर एप्रिलात दिसणारी ती निळसर धुराची रेघसुद्धा बाटलीभर पाण्यात ओळखू येण्यासारखी असते.

सल्फेटात एक अडचण आहे. ते समुद्रातही असतं. पण समुद्राच्या पाण्यात प्रमाण ठरलेलं आहे: एक ग्रॅम सोडियममागे साधारण पाव ग्रॅम सल्फेट. पावसातलं सोडियम मोजायचं, त्याच्या पाव हिस्सा सल्फेट समुद्राच्या नावावर टाकायचं. उरेल ते बहुतेक माणसांचं. आणि शेवटी ताळा. धन भाराचे आयन आणि ऋण भाराचे आयन यांची बेरीज जवळपास सारखी भरली पाहिजे; नाही भरली तर बाटली अस्वच्छ किंवा मोजणारा घाईत. वाण्याच्या खतावणीइतका हा हिशेब कडक आहे.

तरीही आपल्याकडे पाऊस निव्वळ सामू बघून तपासला तर बहुधा पास होतो. भारतातल्या कित्येक ठिकाणी तो ६ ते ७च्या घरात, कधी त्याच्याही वर असतो. कारण धूळ. मातीतलं कॅल्शियम कार्बोनेट वाटेतच आम्ल मारतं. आम्ल आलेलं असतं, सल्फेट-नायट्रेट जमिनीवर उतरलेलं असतं, फक्त जिभेला लागत नाही. एका घाणीनं दुसरी झाकलेली. ‘आमच्याकडे अॅसिड रेन नाही’ हे वाक्य मी सभांमधून इतक्या समाधानानं उच्चारलेलं ऐकलं आहे की बोलणाऱ्याला धुळीचे आभार मानायला सांगावंसं वाटतं.

पावसात काय आहे हे बघण्याची सवय जगाला लागली तीही धुरामुळेच. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुरात रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञानं १८५२मध्ये शहराच्या मध्याकडे जाताना पाऊस आंबट होत जातो हे दाखवलं आणि १८७२मध्ये हवा आणि पाऊस या विषयावर सबंध पुस्तक लिहिलं. ते जवळजवळ शंभर वर्षं कुणी फारसं उघडलं नाही. मग १९६७मध्ये स्वीडनच्या स्वान्ते ओडेननं सांगितलं की आमच्या तळ्यांतले मासे मरताहेत ते दुसऱ्या देशांच्या धुरानं. आपल्या गावाला त्रास नको म्हणून त्या देशांनी चिमण्या उंच केल्या होत्या. धूर गेला तो थेट शेजाऱ्याच्या तळ्यात. त्यातून १९७०च्या दशकाच्या अखेरीला युरोपनं एकत्र पाऊस मोजायला सुरुवात केली, १९७९मध्ये जिनिव्हात करार झाला. अमेरिकेचं जाळं १९७८चं, पूर्व आशियातल्या देशांचं २००१चं.

त्याआधीही जगानं पाऊस गोळा केला होता, पण वेगळ्या भीतीनं. अणुचाचण्यांनंतर ट्रिटियम पावसातून उतरू लागलं, तेव्हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी १९६०च्या सुमारास जगभरच्या पावसाचे नमुने मागवायला घेतले. त्यात मुंबईचंही पाणी होतं. १९६३मध्ये ट्रिटियम शिगेला पोचलं, त्याच वर्षी हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला आणि आकडे हळूहळू उतरले. सहा वर्षांनी, १९६९मध्ये, मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तिथं आसपासची हवा, पाणी, मासळी, भाजी तपासत असते. किरणोत्साराच्या बाबतीत आमचा भाग चांगलाच मोजलेला आहे. ज्याची भीती वाटते ते माणूस मोजतो. ज्याचा नुसता वास येतो त्याची सवय करून घेतो.

आता जगाचं जे जाळं आहे ते जागतिक हवामान संघटनेचं, १९८९पासूनचं. शिस्त पाहण्यासारखी आहे. पाऊस पडायला लागला की संवेदक ओला होतो आणि बाटलीवरचं झाकण आपोआप सरकतं. सर थांबली की मिटतं, म्हणजे मधल्या वेळात बसणारी धूळ हिशेबात येत नाही. देशोदेशीच्या प्रयोगशाळा खरं मोजतात की नाही हे पाहायला त्यांना मुद्दाम बनवलेला खोटा पाऊस पाठवतात, त्यात काय किती घातलंय हे न सांगता. टपालानं पाऊस येतो, ही कल्पनाच मला फार आवडते.

भारतातही अशी केंद्रं आहेत: श्रीनगर, जोधपूर, प्रयागराज, मोहनबारी, नागपूर, पुणे, विशाखापट्टणम, कोडाईकनाल, मिनिकॉय आणि पोर्ट ब्लेअर. हवामान खात्यानं चिकाटीनं जमवलेलं हे पाणी काही दशकांचं आहे आणि त्यातून बहुतेक ठिकाणी सामू हळूहळू खाली सरकताना दिसतो. आम्हाला सर्वांत जवळचं केंद्र पुण्याचं. कारखान्यांच्या दाराशी केंद्र नसणं हे जाळ्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे, कारण त्याला मोठ्या प्रदेशाची हवा पाहायची असते, एका चिमणीची नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कल्याण आणि अलिबागचा पाऊस शेजारी ठेवून पाहिला होता. एकात कारखान्यांची खूण, दुसऱ्यात समुद्राचं मीठ. तारापुरात ही दोन्ही गावं एकाच रस्त्यावर आहेत. एका टोकाला घिवली-उच्छेळीची मासळी, दुसऱ्या टोकाला रसायनांच्या टँकरची रांग.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८च्या पाहणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं आलं. असा पहिला नंबर. ते गुण हवा, पाणी आणि जमीन अशा तीन रकान्यांतून येतात. पाऊस या तिन्हींतून जातो: हवेतून पडतो, पाणी होतो, जमिनीत मुरतो. त्याला रकाना नाही. नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपलाइनवर बोट ठेवता येतं. मच्छीमारांची मांगेला समाज परिषद त्याच सांडपाण्यासाठी २०१६मध्ये हरित लवादाकडे गेली. नाल्याला तोंड असतं, पाइपला मालक असतो. वरून येणाऱ्या पाण्याविरुद्ध अर्ज कुणाच्या नावे करायचा?

एकदा मात्र या जिल्ह्यात तसा अर्ज झाला, तोही आमच्या शेजारी. डहाणूचं ५०० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र १९९५मध्ये सुरू झालं. त्याआधीच, १९९१मध्ये, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. चिकूच्या बागायतदारांनी आणि कार्यकर्त्यांनी पिच्छा पुरवला, १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि अखेर २००७मध्ये तिथं धुरातला गंधक काढणारी यंत्रणा लागली. तिची तऱ्हा अशी की धुरावरून समुद्राचं पाणी सोडतात. पाण्यातला क्षारपणा आम्ल ओढून घेतो. चिमणी २७५ मीटर उंच, म्हणजे धूर दूर पाठवायची सोय आधीच झालेली होती. न्यायालयाला आणि बागायतदारांना ती पुरेशी वाटली नाही, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणं वाटतं. २०२५च्या जुलैत केंद्र सरकारनं देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना अशा यंत्रणेतून सूट दिली, तेव्हा डहाणूची आठवण झाली.

दूर म्हणजे कुठे, हे वारा ठरवतो. पावसाळ्यात तो समुद्रावरून नैऋत्येकडून येतो. म्हणजे जुलैत तारापूरच्या चिमण्यांचा धूर तारापूरवर फारसा पडत नाही. तो मनोर ओलांडून विक्रमगड-जव्हारच्या चढणीकडे जातो आणि तिथं डोंगराला अडून ढग रिकामे होतात. किनाऱ्यावर जो पाऊस पडतो त्यात मिठाचा भाग जास्त. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तेव्हा वास कोळीवाड्यांत. म्हणून बाटली कुठे ठेवायची हा प्रश्न साधा नाही.

हे सगळं मला ज्यांनी समजावलं ते सर पालघरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांच्या गच्चीवर लोखंडी स्टँडला प्लास्टिकचं नरसाळं, खाली बाटली, आणि नरसाळ्यावर पातेल्याचं झाकण. आपोआप सरकणारं यंत्र त्यांच्या पेन्शनमध्ये बसत नाही. म्हणून ढग आले की ते स्वतः जिने चढतात. बाटलीत थायमॉलचा एक खडा टाकतात, ओव्यातला जो उग्र वासाचा अर्क असतो तोच. नाहीतर जंतू पावसातली सेंद्रिय आम्लं खाऊन टाकतात आणि सामू वर चढतो. मी खिशातून कागदाची पट्टी काढली तर म्हणाले, “ठेव ती आत. पावसात क्षार इतके कमी असतात की पट्टीला काही कळत नाही.” त्यांच्या मीटरवरचे आकडे स्थिरावेपर्यंत आम्ही एक एक कप चहा घेतला. बाटलीच्या तळाशी बारीक तांबूस गाळ बसला होता, वर पाणी स्वच्छ.

सरांनी तिथंच मला हिशेब करायला लावला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्याकडे मोसमात दोन हजार मिलिमीटर सहज होतो. समजा लिटरमागे सल्फेट फक्त एक मिलिग्रॅम. म्हणजे गुंठ्याला दोनशे ग्रॅम, एकराला आठ किलो. दरसाल, न मागता, न फवारता.

“एक बाटली विक्रमगडला हवी,” सर म्हणाले, आणि त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो तारापूरच्या एका कंपनीत बॉयलरवर आहे, शिफ्ट संपली की गाडीवरून घरी विक्रमगडकडे जातो. थोडं भात आहे, बांधाला मोगरा. म्हणजे दिवसा कोळसा, उन्हाळ्यात राब, आणि पावसाळ्यात दोन्ही पुन्हा त्याच्याच शेतात. सरांनी त्याला हे अर्थातच सांगितलं नाही. पण तो हुशार निघाला. आधी विचारलं, आकडा वाईट आला तर आमच्या मोगऱ्याला दादरच्या बाजारात कोण विचारील? सर म्हणाले, बाटलीवर गावाचं नाव घालणार नाही, नुसता नंबर. मग त्यानं झाकणाचं विचारलं. सर आली की उघडायचं, थांबली की लावायचं, हे ऐकून तो फोनवरच हसला.

“सर, बाटली ठेवा खुशाल. पण आवणीच्या दिवसांत आमच्या घरात झाकण उघडायला माणूस राहत नाही. म्हातारीसुद्धा चिखलात असते. तुम्हीच या.”

सर आता विक्रमगडच्या एसटीच्या वेळा बघताहेत.