आज किती पळाली?

पहाटे पाचला आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरं पळायला येतात. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला मिलिटरीत जायचंय. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाला त्या वेळी गेलात तर मोबाइलवर वेळ लावून पळणारी आठ-दहा पोरं दिसतीलच. पाटोदा तालुक्यातलं आमचं गाव बालाघाटाच्या माथ्यावर आहे. रस्ता सगळा चढ-उताराचा, त्यामुळे सोळाशे मीटरच्या एकाच फेरीत माणूस घामाघूम होतो. या पोरांच्या वीसेक पावलं पुढं एक बदामी रंगाची कुत्री पळत असते. ती आमची भिंगरी.

भिंगरी कारवानी जातीची, म्हणजे निदान तिची आई तरी. बाप कोण, हे पिल्लू देणाऱ्या धनगरमामांनाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नाही. लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि सायकलच्या तारांसारखे पाय. सशामागं पळण्यासाठीच ही कुत्री पिढ्यान् पिढ्या जोपासली गेली. आमच्याकडं मात्र ससा बंद. एक तर शिकार हा गुन्हा, आणि नायगावचं मयूर अभयारण्य आमच्याच तालुक्यात. रानात मोकळी सोडली तर मोरांच्या मागं लागायची. बांधून ठेवली तर दोन दिवसांत खाट, चप्पल, माझ्या विद्यार्थ्यांच्या चाचणीचे पेपर, जे सापडेल ते फाडायची. म्हणून पोरांबरोबर पळवायची, असा तोडगा निघाला. पोरंही खूश झाली. तिला मागं टाकायचं म्हणून त्यांचे दोन-चार सेकंद कमी झाले, असं ती सांगतात.

तिच्या पळण्याची सोय लागली तशी खाण्याची पंचाईत सुरू झाली.

लहान असताना तिला म्हशीचं दूध आणि भाकर दिली. दुधानं हगवण लागली. ताक-भाकर सोसली. पुढं घरात जे शिजायचं तेच तिच्या जर्मनच्या थाळीत पडायचं, भाकर कुस्करून वर कालवण. वर्षभर काही बिघडलं नाही. दीड वर्षाची झाल्यावर ती पोरांबरोबर रोज सात-आठ किलोमीटर पळायला लागली आणि दोन महिन्यांत तिचं रूप पालटलं. केस राठ झाले, मांड्या उतरल्या, पाठीचे मणके मोजता यायला लागले. माती चाटायची. गल्लीतल्या बाया मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "मास्तरच्या घरात कुत्र्याला घासभर भाकर मिळंना व्हय?"

मी भाकरी वाढवल्या. दोनाच्या तीन, तीनाच्या चार. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, शेणासारखा ढीग पडायचा आणि मणके तिथल्या तिथं.

मग मी शहरातल्या एका दुकानातून कुत्र्याच्या खाद्याची गोणी आणली. दुकानदारानं मला अर्धा तास उभं करून भाकरीविरुद्ध भाषण दिलं. भाकर म्हणजे विष, कुत्रं हा लांडगा आहे, त्याला धान्य पचतच नाही, वगैरे. मी गणित-विज्ञान शिकवणारा माणूस, तरी मान डोलावून गोणी स्कूटरवर बांधली. घरी आल्या दिवशी भाकर बंद, दाणे सुरू. दुसऱ्या दिवसापासून तिला जे जुलाब लागले ते पाच दिवस थांबेनात. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत, जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त असं बदलायचं असतं. दुकानदार ते सांगायचा विसरला आणि मला विचारायचं सुचलं नाही.

जुलाबाच्या पाचव्या दिवशी तिला स्कूटरवर पुढ्यात घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडं गेलो. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी आधी औषधाकडं हात नेलाच नाही. भिंगरीच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली, मग माझा हात धरून तिथं ठेवला. "या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर दिसू द्या. ते आजारपण नाही, ठेवण आहे. पण इथं बघा." त्यांनी माझा हात मणक्यांवर, मग मांडीवर नेला. हाडाच्या दोन्ही बाजूंना जिथं मांस हवं तिथं खळगा होता. "दिसण्यावर जाऊ नका. दर रविवारी हात फिरवा."

मग त्यांनी माझ्या आवडीचं काम केलं. पावतीच्या मागं एक सूत्र लिहिलं. कुत्र्याच्या वजनाचा घन काढायचा, त्याचं वर्गमूळ, त्या वर्गमूळाचं पुन्हा वर्गमूळ, आणि त्याला ७० नं गुणायचं. भिंगरीचं वजन २० किलो. वीसाचा घन ८०००, वर्गमूळ ८९.४, त्याचं वर्गमूळ जवळजवळ साडेनऊ. सत्तरनं गुणलं की ६६० च्या आसपास. नुसतं पडून राहायला, श्वास घ्यायला दिवसाला इतक्या किलोकॅलरी लागतात. घरात-अंगणात वावरणाऱ्या कुत्र्याला याच्या दीडपट-पावणेदोनपट. रोज आमच्या चढावर पळणाऱ्या कुत्रीला दुपटीपासून पुढं. म्हणजे तेराशेच्या वर.

मी तिथंच भाकरीचा हिशेब मांडला. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकर साधारण ३४० किलोकॅलरी. चार भाकरींत काम भागायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "कॅलरी भागते हो, बाकीचं काय? शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं दहा ग्रॅम, तीही अपुरी, कारण लायसिन कमी. चरबी दोन ग्रॅम. आणि हिला चरबीवर पळायचंय."

हे मला नवीन होतं. आमची पोरं पळायच्या आधी केळं खातात, तेच मला कुत्र्याचंही खरं वाटत होतं. पण लांब पल्ल्याला कुत्र्याचं अंग मुख्यतः चरबी जाळतं. छोट्या, जीव तोडून मारलेल्या धावेला स्नायूंत साठलेली साखर कामी येते. भरतीच्या भाषेत सांगायचं तर भिंगरी जन्मानं शंभर मीटरवाली, आणि आम्ही तिला रोज पाच वेळा सोळाशेला उभी करत होतो.

भाकर विष असल्याचंही मी त्यांच्या कानावर घातलं. ते पहिल्यांदाच हसले. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली होती. पिष्ट पचवणारं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती निघाल्या, कुत्र्यात मात्र कितीतरी, काहींत तर तिसाच्या घरात. माणसाच्या उंबऱ्यावर पडलेलं खात खातच कुत्रा कुत्रा झाला. भाकर त्याला पचते. मात्र नुसत्या भाकरीवर त्याला पळवता येत नाही.

घरी येऊन मी आईला हे सगळं सांगितलं. आईनं पंचवीस-तीस वर्षं ऊसतोडीचा कोयता धरलेला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून कारखाना गाठायचा, उन्हाळ्यात परत यायचं. मीही तिथल्याच कोप्यांत वाढलो. पावतीवरचं वर्गमूळ ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "एवढं लिवायला डाक्टर लागतोय का रं? कारखान्यावर मी रातच्या तीनला उठून तुझ्या बापाच्या चार भाकरी थापायची आन् माझ्या तीन. पावसाळ्यात घरी बसल्यावर त्येच दोनावर भागवायचं. काम बघून वाढावं. तू कुत्रीला बसल्या दिवशीबी तेवढंच आन् पळाल्या दिवशीबी तेवढंच."

खरं होतं. शाळेतला पोषण आहार जसा पटावरून मोजतात तसा मी मोजत होतो. पाऊस आला, पोरं आली नाहीत, भिंगरी दिवसभर ओट्यावर पडून राहिली, तरी थाळी तीच. यात्रेच्या आधी पोरांनी दुप्पट फेऱ्या मारल्या, तरी थाळी तीच. त्या दिवसापासून संध्याकाळी तवा चुलीवर चढवताना आई विचारते, "आज किती पळाली?"

पण आईचंही सगळं बरोबर नव्हतं. भाकरीवर कालवण ओतायची तिची सवय मोडायला मला महिना लागला. आपलं कुठलं कालवण कांदा-लसणाशिवाय होतं? आणि कांदा-लसूण, शिजवलेला असो की कच्चा, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. एका घासानं काही होत नाही, रोजच्या थाळीनं होतं. आईचा यावर विश्वास बसेना. "आपल्या कारखान्यावरच्या लाल्याला जल्मभर कालवणच घातलं," ती म्हणायची. लाल्या किती वर्षं जगला, हे मी विचारलं तेव्हा ती गप्प बसली. आता भिंगरीचं मटण-कोंबडीचं पाणी फोडणीआधीच बाजूला काढून ठेवते. वर माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करते.

दुसरी भानगड धनगरमामांची. ते अधूनमधून येत, आणि येताना बोकड नाहीतर मेंढरू कापलं असेल तर त्यातले काळजाचे तुकडे, वजडी असं कागदात बांधून भिंगरीसाठी आणत. कच्चंच. प्रेमानं आणायचे, आणि कुत्रीही वेड्यासारखी खायची. एकदा त्या काळजावर लिंबाएवढी, पाण्यानं भरलेली पांढुरकी गाठ दिसली. मी सहज डॉक्टरांना फोन केला, तर पलीकडून आवाजच बदलला. मेंढीच्या काळजात, फुप्फुसात होणारी ही गाठ म्हणजे एका पट्टकृमीची अळी. कुत्र्यानं ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात, कुत्र्याला काहीच होत नाही, पण विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती हातातोंडातून माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात तशीच गाठ धरते आणि वर्षानुवर्षं वाढत राहते. म्हणजे कुत्र्याच्या खाण्याचा प्रश्न खरं तर घरातल्या लेकरांचाही होता. माझी धाकटी भिंगरीच्या गळ्यात पडून झोपायची.

गाठीचं काळीज मी खड्डा खणून खोल पुरलं. भिंगरीला प्राझिक्वांटेलची गोळी दिली. मामांना सांगायचं कसं, हे मात्र अवघड होतं. चार पिढ्या मेंढरं राखणाऱ्याला मास्तरानं शिकवायचं! शेवटी मी त्यांच्याही कुत्र्यांसाठी गोळ्या आणून दिल्या आणि म्हणालो, "मामा, आणा की, पण शिजवून घालू. आन् गाठीचं पुरून टाकायचं." त्यांनी गोळ्या पटक्यात खोचल्या. म्हणाले, "मेंढरात ह्या गाठी आमी रोज बघतो. माणसात जात्यात हे आज कळलं."

आता भिंगरीचं ताट कसं असतं, तेही सांगून टाकतो, कारण भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. अर्धं घरचं, अर्धं गोणीतलं. गोणीसुद्धा मी आता मागची बाजू वाचून घेतो. दोन आकडे आणि एक ओळ बघायची. प्रथिनं पंचवीस टक्क्यांच्या पुढं, चरबी पंधराच्या आसपास, आणि घटकांत पहिलं नाव मांसाचं आहे का मक्याचं. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे मोठ्या कुत्र्याला कमीत कमी १८ टक्के प्रथिनं आणि साडेपाच टक्के चरबी लागते, तेवढी स्वस्तातल्या गोणीतही असते. ओट्यावर बसणाऱ्या कुत्र्याचं त्यात भागतं, आमच्या भिंगरीचं नाही. गोणी सोडत नाही ती जस्त, आयोडीन, तांबं यांच्यासाठी. घरच्या स्वयंपाकात ते मापात पडेल याची खात्री मला नाही.

घरचं म्हणजे दीड-दोन भाकरी, उकडलेलं हाडाविना चिकन, आठवड्यातून दोनदाच थोडी कलेजी, दोन अंडी आणि पळाल्या दिवशी चमचाभर शेंगदाण्याचं तेल. कलेजी रोज नको, त्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, म्हणून अंड्याची टरफलं वाळवून खलबत्त्यात भुगा करतो आणि अर्धा चमचा टाकतो. शिजलेलं हाड कधीच नाही, त्याच्या चिपा आतडं फाडतात. गल्लीतल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला बांधून ठेवावं लागतं ते याचसाठी.

पळायच्या आधी काही नाही. पळून आल्यावर धाप उतरेपर्यंत तासभर थांबून थोडंसं, आणि मोठं जेवण संध्याकाळी. खोल छातीच्या कुत्र्याचं भरलं पोट पळताना पीळ खाऊ शकतं, आणि पीळ बसला तर दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळत नाही. भरल्या पोटी पळू नये, हे पोरांना सांगावं लागत नाही, भिंगरीला मात्र दाराला कडी लावून सांगावं लागतं.

तीन महिन्यांत मणक्यांच्या कडेचे खळगे भरले. केसांवर तेज आलं. बरगड्या अजून दिसतात आणि गल्लीतल्या बाया अजून बोलतात.

यंदा दसऱ्यानंतर टोळ्या नेहमीसारख्या हलल्या. ट्रॅक्टरांवर संसार चढले, भांडी, कोंबड्या, शेळ्या, एक-दोन कुत्रीही. पळणाऱ्या पोरांतली सहा जणं आई-बापांबरोबर कारखान्यावर गेली. त्यातल्या एकाच्या घरच्यांनी उचल घेतली होती आणि बहिणीच्या लग्नात ती संपली होती. राहिलेल्या दोघांनी थंडीचं कारण काढून पहाटेचं पळणं बंद केलं.

भिंगरी पाचला उठते. दाराशी जाऊन उभी राहते, मी कडी काढली की डांबरीपर्यंत जाते, कान उभारून दोन्ही बाजूंना बघते आणि थोड्या वेळानं परत येऊन ओट्यावर अंगाचं वेटोळं करते. मी तिला घेऊन पळायचा प्रयत्न केला. पन्नाशीच्या मास्तराला वळून वळून बघत ती पुढं उभी राहायची, हाच काय तो व्यायाम.

परवा संध्याकाळी आई चुलीपाशी बसली होती. पीठ मळताना तिनं विचारलं नाही. परातीतला गोळा हातावर घेतला, अर्धा तोडून परत पिठात टाकला, आणि उरलेल्याची भिंगरीची भाकर थापली.