वीस पानांचं प्रपोजल

वकिलाने दारोदार जाऊन काम मागायचं नाही, असा आपल्याकडे नियम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ३६ वा नियम. २००८ साली संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण अशी मोजकी माहिती द्यायची तेवढी सूट मिळाली. पण कंपनीनेच चार वकिलांना 'आमचं काम कसं कराल, काय घ्याल ते लिहून द्या' म्हटलं, तर लिहावंच लागतं. त्यालाच प्रपोजल म्हणतात.

माझ्या भाच्याला असंच विचारणं आलं, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीकडून. बेळगावातच वकिली करायची की बंगळूरला नोकरी धरायची, हे त्याचं या कामावर अडलं होतं. "मामा, भाषा तेवढी तपासून दे की," म्हणून त्याने वीस पानं माझ्यापुढे ठेवली.

भाषा सुरेख होती. सहा पानं फर्मचा इतिहास, मग पदव्या, मग सगळ्या कायद्यांची यादी. लग्नाचा बायोडेटाच जणू! फाउंड्री मात्र कुठेच नव्हती. मी विचारलं, "मालकांना झोप कशानं लागत नाही?"

"माल घेतलेल्या कंपन्या पैसे थकवतात."

मग तेच पहिल्या पानावर यायला नको? २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दाद कुठे मागायची, कागद कोणते लागतील, खर्च किती, हे मालकांना हवं असतं.

आणखी एक. इथल्या कारखान्यात मालकांचं बोलणं मराठीत, करार इंग्रजीत, कामगारांची नोटीस कन्नडमध्ये. भाचा तिन्ही भाषांत मसुदा करतो. आपल्या घरांत हे इतकं रोजचं, की तो गुण आहे असं कुणाला वाटतच नाही! बंगळूरच्या फर्मकडे कन्नड असेल, पण मालकांशी मराठीत कोण बोलणार? वीस पानांत त्यावर एक ओळ नव्हती.

फीवरून मात्र आमची बरीच वादावादी झाली. महिन्याची ठरावीक रक्कम लिही, आणि तिच्यात काय येत नाही तेही लिही, असं माझं म्हणणं. धारवाड खंडपीठातलं अपील वेगळं. आकडा लिहायचा त्याला भारी संकोच. शेवटी लिहिला.

पाच पानं गेली. आठवड्याने मालकांचा फोन आला. कामाचं काहीच बोलले नाहीत, एवढंच विचारलं, "कन्नड नोटिसा तुम्ही स्वतः करणार, की कुणाकडून करून घेणार?"

भाचा चटकन म्हणाला, "नाने माडतेन्री!"