अकिहाबाराचे टोपीवाले

टोकियोत अकिहाबारा नावाची एक वस्ती आहे. १८६९ साली तिथे मोठी आग लागली. सरकारने जळकी जागा मोकळी ठेवली आणि पुढच्याच वर्षी आगीपासून राखण करणाऱ्या देवाचे देऊळ उभारले. लोकांनी तो आपला नेहमीचा अकिबा देव समजून जागेला त्याचे नाव देऊन टाकले. आज त्या देवाच्या अंगणात विजेच्या दिव्यांचा असा काही लखलखाट असतो की बिचाऱ्याने डोळे मिटून घेतले असतील!

दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओचे सुटे भाग विकणारे फेरीवाले इथे जमले. १९४९ च्या सुमारास त्यांना रस्त्यावरून उठवले, तेव्हा त्यांतले बरेचसे रेल्वेच्या पुलाखाली गेले. ते चिंचोळे गाळे अजून आहेत. डोक्यावरून गाडी धडधडत जाते आणि खाली म्हातारे दुकानदार डबीतून स्क्रू मोजून देतात. मुंबईकराला लॅमिंग्टन रोडची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या वस्तीत अलीकडे नवे टोपीवाले आले आहेत. त्यांच्या टोप्या माणसाच्या नव्हे, संगणकाच्या कळांच्या डोक्यावर बसतात. हौशी लोकांच्या कळफलकात प्रत्येक कळेला स्वतंत्र स्प्रिंग असते. वरची टोपी चिमट्याने उपटली की खाली इवलासा क्रूस दिसतो. हा जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात रूढ केलेला. त्यावर बसेल अशी कुठलीही टोपी तुम्ही घाला. दोन कळांच्या मध्यांत अंतर मात्र १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच.

कारखान्यातल्या उत्तम टोपीत अक्षर एका रंगाच्या प्लॅस्टिकचे असते नि त्याच्याभोवती दुसऱ्या रंगाचे ओततात. वर्षानुवर्षे बोटे घासली तरी अक्षर पुसत नाही. पण त्यासाठी पोलादी साचे लागतात आणि शेकडो गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे भरल्याशिवाय असले काम सहसा कुणी हाती घेत नाही.

हाताने करणाऱ्याची तऱ्हा वेगळी. तो आधी मातीचा नमुना कोरतो, त्यावरून सिलिकॉनचा साचा घेतो आणि त्यात रंगवलेले रेझिन ओततो. आत बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा दाबाच्या भांड्यात ठेवतो. मग पॉलिश कागदाने घासायचे. खरी परीक्षा खालच्या खाचेची. केसभर घट्ट झाली तर टोपी बसत नाही, सैल झाली तर निघून येते. काही वेळा ओतले की साचा फाटू लागतो, पण दहा टोप्या हव्या असल्या तर तेवढे पुरते.

आमचा भाचा तिथेच नोकरीला. तो आम्हाला अशाच एका कारागिराकडे घेऊन गेला. आमच्या सौ.ने कचेरीत तीस वर्षे मराठी टंकलेखन केलेले. तिने जपानी कळा निरखल्या. एकाच टोपीवर रोमन अक्षरही आणि जपानी कानाही! तिथले बहुतेक लोक रोमन कळा दाबूनच जपानी लिहितात, तरी आपली अक्षरे त्यांनी कळांवर ठेवली आहेत.

"अरे, याला विचार, 'ळ' करून देईल का?" ती भाच्याला म्हणाली.

"मामी, 'ळ'च का?"

"आमचा नातू रोमनमधून मराठी लिहितो ना! त्याचा 'काळ' नि 'काल' एकच, 'वेळ' नि 'वेल' एकच."

सौ.ने कागदावर ठसठशीत 'ळ' काढला. कारागिराने कागद आडवा-उभा फिरवून पाहिला आणि नम्रपणे विचारले, "हा चष्मा आहे का?" अक्षर आहे असे कळल्यावर त्याने "किती हव्यात?" असे विचारले. "एकच," सौ. म्हणाली. त्याने वाकून नमस्कार केला. चौथ्या दिवशी भाच्याने टोपी आणून दिली. पांढऱ्या अंगावर उठावदार काळा 'ळ'.

भारत सरकारने १९८६ साली ठरवलेल्या मांडणीत 'ळ' आहे 'ल'च्याच कळेवर, शिफ्ट दाबून. म्हणजे रोमन 'एन'वर. नातवाच्या कळफलकावरची ती जागा आता आमच्या पाहुण्याने घेतली आहे. पोराने बोट फिरवून विचारले, "आजी, ही कशी दाबायची?" एवढ्यावर सौ.चे पैसे फिटले.

तुम्ही टोकियोला जाल तर फुजी जरूर पाहा. पण एक दिवस अकिहाबारासाठी ठेवा आणि जाताना आपले आवडते अक्षर कागदावर स्वच्छ लिहून न्या.