एटीकेटी घेऊन पुण्याला निघालेल्यांसाठी

निकालाचे दिवस आहेत म्हणून लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांच्या घरात फर्स्ट इयरचं लेकरू आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आपल्या बीड जिल्ह्यातली बरीच पोरं इथल्या कॉलेजात पहिलं वर्ष करतात आणि दुसऱ्या वर्षाला पुणं गाठायचं ठरवतात. कारणं खरी असतात. कुणाचा भाऊ चाकणला कंपनीत असतो, राहायची सोय होते. कुणाला शिकता शिकता काम करायचं असतं. पण जायचं ठरलं की पोरगं मनानं आधीच पुण्यात पोहोचतं. इथलं दुसरं सेमिस्टर मग नुसतं उरकायचं म्हणून होतं.

माझ्या ओळखीतल्या एका पोराचं हेच झालं. आई-बाप ऊसतोड कामगार, हा बीएस्सीला. पहिल्या सेमिस्टरला चांगले मार्क, दुसऱ्याला दोन विषय राहिले. म्हणाला, "एटीकेटी आहे ना, सेकंड इयरला बसता येतं." इथून टीसी काढली आणि गाडीत बसला. तिथल्या कॉलेजनं पहिलाच प्रश्न विचारला, "फर्स्ट इयर क्लिअर आहे का?" विषय तिथंच संपला. ना इकडचा, ना तिकडचा. इथल्या प्राचार्यांनी समजून घेऊन परत प्रवेश दिला म्हणून वर्ष वाचलं. दर वेळी असं होईलच असं नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. एटीकेटी ही आपल्या विद्यापीठानं आपल्या विद्यार्थ्याला दिलेली सवलत आहे. आपली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची, तिकडची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. एकाची सवलत दुसऱ्यानं मानलीच पाहिजे असं नाही. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, पात्रता तपासतात, अभ्यासक्रम जुळतो का ते बघतात. तेही जागा रिकामी असेल तर. आणि जागा कमी, मागणारे जास्त असले की फर्स्ट इयरचे मार्कच बघतात. तिथं काठावर पास होऊन भागत नाही.

"आता क्रेडिट बँक आली, क्रेडिट कुठंही नेता येतात," असंही पोरं सांगतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातली ही सोय, २०२१ मध्ये यूजीसीनं तिचे नियम केले. पण बँकेत भरलं तरच निघतं. विषय सुटला तरच त्याचे क्रेडिट जमा होतात. आणि क्रेडिट असले म्हणजे जागा मिळाली असं नव्हे.

आता दुसरी बाजू. मार्क घसरले की आपण पोरांना मोबाईलवरून बोलतो. पण दसऱ्यानंतर आई-बाप कारखान्यावर जातात. घरी म्हातारी, धाकटी भावंडं, दोन शेळ्या, आणि त्यातच सेमिस्टरची परीक्षा. फीसुद्धा मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून भरलेली. अशा घरातल्या पोराला बदलीचे नियम कोण सांगणार? घरात कॉलेज बघणारं तेच पहिलं.

म्हणून कॉलेजांना हात जोडून विनंती. बदलीचे नियम वर्ग सुरू होतानाच नोटीस बोर्डावर मराठीत लावा. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की ज्यांचे विषय राहिले त्यांना बोलवून घ्या. याला वेगळा निधी लागत नाही.

आणि पालकांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. नव्या कॉलेजात जागा पक्की झाल्याशिवाय टीसी काढू नका. राहिलेले विषय चालतात का, हे फोनवर नाही, लेखी विचारा. रिचेकिंगच्या भरवशावर राहू नका, तो निकाल येईपर्यंत प्रवेशाची तारीख निघून गेलेली असते.

तो पोरगा सध्या इथंच सेकंड इयरला आहे, राहिलेल्या दोन विषयांचा अभ्यास करतोय. पुण्याला जायचंच म्हणतो, पण आता पदवी घेऊन.

तुमच्या गावात असं कुणी निघालं असेल तर त्याला आजच गाठा.