न पिणारी धार

मराठीत शस्त्र 'पाजवले' जाते. या क्रियापदात आम्हांला 'पाजणे' स्पष्ट ऐकू येते. लोहार तापल्या पोलादाला पाणी देतो. विळा पाजवताना दगडावर पाणी शिंपडले जाते. धार आणि पाणी यांचे नाते आपल्या भाषेने असे गृहीतच धरले आहे.

पुसदसारख्या तालुक्याच्या गावी लेथवर काम करणारा टर्नर मात्र या नात्याला अपवाद शिकवतो. त्याच्या हत्याराच्या पोलादी दांड्याला टोकाशी कार्बाइडचा तुकडा झाळलेला असतो. टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टच्या साहाय्याने दाबून, भाजून हा पदार्थ होतो. नेहमीचे करडे चाक त्याच्यापुढे निष्प्रभ ठरते. सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाक किंवा हिऱ्याच्या कणांचे चाक लागते. घासताना तो तापला आणि सवयीने पाण्यात बुडवला, तर त्याला बारीक तडे जातात. पाणी द्यायचे तर आरंभापासून अखंड, नाहीतर मुळीच नाही. पोलाद चूक सोसते. कार्बाइड अधिक कठीण, म्हणूनच अधिक ठिसूळ.

कारागीर या तुकड्याला 'विडिया' म्हणतो. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२७ साली लायप्झिगच्या जत्रेत मांडलेल्या मालाचे हे नाव. मूळ जर्मन शब्दांचा अर्थ 'हिऱ्यासारखे'. कोणत्याही परिभाषा-समितीची वाट न पाहता कारागिराने ते आपलेसे केले. भाषेच्या जिवंतपणाचा हा दाखला आम्हां अध्यापकांना सुखावतो.

पण सुखावून थांबता येत नाही. कार्बाइड घासताना उडणाऱ्या कोबाल्टयुक्त धुळीने फुप्फुसांना कायमचा विकार जडू शकतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. चाकापाशी धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि योग्य मुखपट्टी हा त्यावरचा उपाय. या विकाराला कारागिराच्या तोंडचे नाव मात्र आमच्या ऐकण्यात आलेले नाही. हत्याराचे नाव समुद्र ओलांडून आले, धोक्याचे नाव मागेच राहिले. खोकल्याला तो खोकलाच म्हणतो, आणि ज्याला वेगळे नाव नाही त्याची वेगळी तक्रारही करता येत नाही.

आमच्या वर्गांत या कारागिरांची मुले बसतात. त्यांना आम्ही शब्दशक्ती शिकवतो: अभिधा, लक्षणा, व्यंजना. त्यांच्या घरातल्या या धुळीला साधी अभिधाही अजून मिळालेली नाही. मराठीच्या अभ्यासकांनी हे काम आपले मानावे, असे आम्हांला वाटते.