इंग्रजी वाक्यांचा सौदा

त्या वेळच्या दक्षिण सातारा जिल्ह्यात, म्हणजे 1960 मध्ये ज्याचे नाव सांगली जिल्हा असे झाले त्या मुलखात, एका तालुक्याच्या गावी 1955 साली मी इंग्रजीचा शिक्षक म्हणून हायस्कुलात रुजू झालो. त्या काळी आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या इंग्रजीचा श्रीगणेशा आठव्या इयत्तेत होत असे. कारण स्वातंत्र्यप्राप्तीनंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने त्याखालच्या इयत्तांतून इंग्रजी काढून टाकले होते. या धोरणाच्या इष्टानिष्टतेविषयी पुष्कळ वाद झाला आणि तो येथे पुन्हा उकरून काढण्याचे मला प्रयोजन नाही. मला त्याचा जो अनुभव आला तो वर्गातला होता. सातवीची फायनल देऊन आसपासच्या खेड्यांतून पायी येणारी ही तेरा-चौदा वर्षांची मुले बाजाराच्या दिवशी बापाबरोबर गुळाच्या सौद्याला उभी राहिलेली असत, अडत, तोलाई आणि हमाली वजा जाता पदरात काय पडले हे त्यांना पट्टी वाचून सांगता येत असे, आणि कचेरीतून आलेली नोटीस घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखविण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. अशा मुलांच्या हाती आम्ही जे क्रमिक पुस्तक देत होतो, ते वाचून इंग्रजांच्या देशात चटईवर बसलेल्या मांजराखेरीज दुसरे काही घडतच नसावे, असा कोणाचाही समज व्हावा. मुलांच्या बुद्धीचे वय आणि त्यांच्या इंग्रजीचे वय यांत दहा वर्षांचे अंतर होते. आमच्या बहुतेक साऱ्या अडचणींचे मूळ या अंतरात आहे, असे माझे मत त्या पहिल्याच वर्षी झाले आणि ते आजही कायम आहे.

शिक्षकांच्या खोलीतील कपाटात तेव्हा दोन ग्रंथांचा अंमल होता. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, जिच्या आधारावर आमच्या वडिलांच्या पिढीतील कित्येकांनी मामलेदार कचेरीतील कारकुनी मिळविली; आणि दुसरा 1935 साली निघालेला रेन व मार्टिन यांचा व्याकरणग्रंथ. या जोडीतील रेन हे 'बो जेस्ट' या कादंबरीचे कर्ते असून हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात त्यांनी नोकरी केली होती. वाळवंटातील शिपायांच्या कथा रंगविणारा लेखक व्याकरण सांगू लागला म्हणजे किती कोरडा होऊ शकतो, याचे मला राहून राहून नवल वाटे. या ग्रंथांचा मी उपमर्द करीत नाही. तथापि त्यांतील वाक्ये कोणी कोणाला उद्देशून बोललेली नसतात, त्यांच्या मागे माणूस नसतो आणि पुढेही नसतो. त्यामुळे शब्दांचे व्याकरण चालविण्यात आणि वाक्यपृथक्करणात तरबेज झालेला विद्यार्थी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहावयास बसला की त्याची लेखणी जागच्या जागी अडे. बी. टी. च्या वर्गात आम्हांला हॅरल्ड पामर यांच्या धर्तीची वाक्यकोष्टके शिकविली होती. त्यांत उभ्या रकान्यांतून एकेक शब्द उचलून शुद्ध वाक्ये जुळवीत जावे, म्हणजे वाक्यरचना जिभेवर बसते. ती बसते, हे खरे. परंतु काही दिवसांनी मुले अर्थाकडे न पाहता रकाने म्हणू लागतात, हेही तितकेच खरे.

इंग्रजीतील 'अ' आणि 'द' ही उपपदे मराठी विद्यार्थ्याला जन्मभर छळतात, कारण आपल्या भाषेत त्यांना जागाच नाही, असे आम्हांला सांगण्यात आले होते. मी मुलांना पुस्तके मिटावयास सांगून घरी ऐकलेल्या एखाद्या गोष्टीची पहिली दोन वाक्ये मराठीत लिहावयास लावली. कोणी राजाची लिहिली, कोणी म्हातारीची, कोणी शेतकऱ्याची. आणि त्यांतील निवडक फळ्यावर उतरविली तेव्हा मुलांच्याच ध्यानात आले की पहिल्या वाक्यात सर्वांचा 'एक' राजा आणि 'एक' शेतकरी असून दुसऱ्या वाक्यात 'त्या' राजाला आणि 'त्या' शेतकऱ्याला काही ना काही होते. गोष्टीची सुरुवातच 'त्या राजाला' अशी केली तर काय बिघडेल, असे मी विचारले, त्यावर मागच्या बाकावरून तत्काळ प्रश्न आला, "कंच्या राजाला?" उपपदांचा अर्धाअधिक नियम या दोन शब्दांत आला होता. नद्यांच्या नावांपूर्वी 'द' आणि माणसांच्या नावांपूर्वी काही नाही, असला किरकोळ जमाखर्च मागाहून पाठ करावा लागला, आणि तो मुलांनी निमूटपणे केला.

निरोपाचा पाठ याहून गमतीचा होई. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी माणूस ते बहुधा जसेच्या तसे ठेवतो. 'गणपत म्हणाला की मी उद्या येतो' या वाक्यातील 'मी' म्हणजे गणपत, हे आपल्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. इंग्रजीत तेच शब्द तसेच ठेवले तर येणारा गणपत राहत नाही, निरोप सांगणारा होतो. हा भेद व्याख्येने शिकविण्यात तास खर्ची पडत आणि परीक्षेत पुन्हा येरे माझ्या मागल्या. म्हणून मी एका मुलाला व्हरांड्यात नेऊन त्याच्या कानात एक इंग्रजी वाक्य सांगे, त्याने ते दारात उभ्या असलेल्या दुसऱ्याला सांगावे, आणि दुसऱ्याने आत येऊन वर्गाला निरोप द्यावा अशी तजवीज होती. निरोप करण्यासारखा असे: कोणी आजारी आहे, कोणाला किल्ली हवी आहे, कोणी संध्याकाळी मैदानावर भेटणार आहे. वर्गाने त्यावरून कृती करावयाची. आत आलेल्या धडधाकट निरोप्याने 'ही सेड दॅट आय अ‍ॅम इल' असे सांगितले की वर्ग त्यालाच धरून बाकावर निजवी आणि त्याच्या नाडीवर बोटे ठेवी. सर्वनाम आणि काळ बदलण्याचा नियम यानंतर सांगितला म्हणजे तो वरून लादलेला वाटत नसे. भलताच मनुष्य आजारी पडू नये म्हणून केलेली ती व्यवस्था आहे, हे सर्वांना पटलेले असे.

वाचनाच्या बाबतीत मला आधार सापडला तो मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाचा. ढाक्याच्या बाजूला बंगाली मुलांवर प्रयोग करून त्यांनी 1926 साली जो ग्रंथ लिहिला, त्यात विम्याच्या व्यवहारातून एक कल्पना उचललेली आहे. विम्याचे हप्ते मध्येच थांबविले तरी काही रक्कम हाती यावी लागते. त्याचप्रमाणे शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या पदरात त्याने घेतलेल्या इंग्रजीपैकी काय पडते, असा त्यांचा सवाल आहे. आमच्या आठवीतील किती तरी मुले दहावीचे तोंड पाहणार नव्हती, आणि त्यांना निदान वाचता यावे हे वेस्ट यांचे म्हणणे मला न्याय्य वाटले. परंतु वाचन म्हणजे साऱ्या वर्गाने एका सुरात पाठ घोकणे, अशीच तेव्हा सर्वत्र समजूत होती. मी कऱ्हाडच्या स्टेशनमास्तरांकडून रेल्वेची जुनी इंग्रजी वेळापत्रके मागून आणली. पुणे-मिरज मार्ग त्या वेळी मीटरगेज होता, त्यामुळे मुंबईस जाणाऱ्याला पुण्यास गाडी बदलावी लागे. 'तुझ्या चुलत्याला सकाळी अकराच्या आत मुंबईच्या कोर्टात हजर राहावयाचे आहे, तर त्याने कोणत्या गाडीने निघावे आणि पुण्यास किती वेळ थांबावे?' असा प्रश्न फळ्यावर लिहून मी खुर्चीत बसे. मग पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेंगणारी मुले तळटिपांतील बारीक अक्षर बोटाने चाचपून वाचीत, रविवारी न सुटणारी गाडी चुलत्यासाठी निवडणाऱ्यावर तुटून पडत. आणि कोठून, कोठे, अमक्यापूर्वी, तमक्यानंतर हे दर्शविणारी सारी शब्दयोगी अव्यये वाचता वाचताच त्यांच्या परिचयाची होत.

पुढे पुष्कळ वर्षांनी, 1979 ते 1984 या काळात, एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेत बंगळूर प्रकल्प या नावाने गाजलेला प्रयोग केला आणि 1987 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले; त्यातही वेळापत्रके आणि नकाशे यांवरील कोडी आहेत. मन अर्थात गुंतले असता व्याकरण नकळत अंगी बाणते, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगतो की माझ्या अनुभवाने त्याचा अर्धाच भाग खरा ठरला. मुलांची समज झपाट्याने वाढली, भीड चेपली. पण 'ही गोज' च्या जागी 'ही गो' म्हणणारा मुलगा वर्षअखेरही 'ही गो' च म्हणत होता, कारण तो 'ज' असो वा नसो, चुलत्याला गाडी मिळतच होती. अर्थाला ज्याची गरज भासत नाही असेही व्याकरण असते, आणि त्याच्यासाठी वेगळी काही गरज निर्माण करावी लागते.

ती गरज मला गुळाच्या पेठेने पुरविली. शनिवारच्या शेवटच्या तासाला मी मुलांच्या वह्यांतून निवडलेली काही वाक्ये फळ्यावर मांडी. त्यांत काही शुद्ध असत, काही अशुद्ध, आणि कोणते कसे हे मी सांगत नसे. प्रत्येक रांग म्हणजे एक पेढी, प्रत्येकीकडे शंभर रुपयांचे कागदी भांडवल, आणि मी अडत्या. एकेक वाक्याचा पुकारा व्हावयाचा, रांगांनी आपसांत मसलत करून बोली चढवावयाची. शुद्ध वाक्य घेणाऱ्याला फायदा, अशुद्ध घेणाऱ्याचे पैसे बुडाले. मात्र बुडीत वाक्य ज्याने जागच्या जागी दुरुस्त करून दाखविले त्याला अर्धी रक्कम परत. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीतही मुलांनी आपण होऊन वर्गात आणली, आणि ती मी चालू दिली. त्या तासाला वर्गात जी चर्चा होई ती अर्थात मराठीत होई, त्याला माझी मुळीच हरकत नव्हती. 'ही गो' वर बोली लावू पाहणाऱ्या आपल्या रांगेला अडवून एक मुलगा म्हणाला, की आपणही 'तू जातोस' मध्ये 'स' लावतो, फक्त आपला 'स' समोरच्याला लागतो आणि इंग्रजांचा पलीकडच्याला. हे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नव्हते. 'आय डिड नॉट वेंट' हे वाक्य तर पुनःपुन्हा फळ्यावर येई आणि दर वेळी चांगल्या किमतीला जाई. भूतकाळ दोनदा सांगितल्याने तो अधिक पक्का होतो, असा खेड्यातील सज्जनांचा विश्वास असावा.

या सौद्याचा एक परिणाम माझ्या कल्पनेबाहेरचा होता. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत मुले शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी घुटमळू लागली, आणि कपाटातील रेन-मार्टिनची प्रत त्यांना पाहावयास हवी असे. भांडवल बुडू नये म्हणून केलेले ते अध्ययन होते. परंतु जो ग्रंथ वर्गात काढताच चेहरे उतरत, त्याची पाने अशा रीतीने प्रथमच मळली.

तपासणीसाठी आलेल्या एका अधिकाऱ्यांना हा प्रकार रुचला नाही. वर्गातील गलबला त्यांनी एक वेळ सोसला असता. परंतु फळ्यावर अशुद्ध वाक्ये लिहिलेली पाहून त्यांनी शेरेबुकात प्रतिकूल शेरा मारला. त्यांचा दोष नाही, कारण भाषा ही केवळ सवय आहे आणि डोळ्यांपुढे आलेली चूक अंगवळणी पडते, असाच त्या काळच्या शास्त्राचा दंडक होता. मुख्याध्यापकांनी शेऱ्याची नोंद दप्तरी घेतली, फळा खिडकीकडून उलट्या बाजूस हलविला आणि सौदा चालू राहिला. निवृत्तीला थोडीच वर्षे उरली असता पुण्याच्या ब्रिटिश कौन्सिलच्या ग्रंथालयात मारिओ रिनव्होलुक्री यांचे 1984 सालचे व्याकरणाच्या खेळांचे पुस्तक हाती आले, त्यात वाक्यांच्या लिलावाचा खेळ दिलेला आहे. पेठेत उभ्या राहिलेल्या कोणाही शिक्षकाला तो सुचण्यासारखाच आहे, त्यामुळे श्रेयाचा प्रश्न उद्भवत नाही.

लेखनाविषयी थोडक्यात सांगतो. वाचणारा कोणी असल्याखेरीज मी मुलांकडून काही लिहून घेत नसे. बियाण्यांचे सूचिपत्र मागविणारे पत्र साऱ्या वर्गाने लिहिले, त्यांतील एक निवडून खरोखरीच टपालात टाकले, आणि सूचिपत्र आले तेव्हा तेच पुढील महिन्याचे वाचनाचे पुस्तक झाले. वह्या तपासताना मी चुका दुरुस्त करीत नसे. चुकीच्या ओळीपुढे समासात फक्त एक फुली करी, आणि दुरुस्ती मुलाने करून वही परत आणावयाची. यात शिक्षकाचा वेळ वाचतो असे कोणी समजू नये, दुप्पट जातो.

ज्या तरुण शिक्षकांना आपल्या वर्गात असा सौदा भरवावयाचा असेल त्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. वाक्ये पुस्तकातील न घेता त्या आठवड्याच्या मुलांच्याच वह्यांतील घ्यावीत, आणि कोणते वाक्य कोणाच्या वहीतील, हे कोणी कितीही विचारले तरी सांगू नये.