उभ्यानं काढलेला फोटो

"वय झालं, वजन कमी करा." दोन वर्षं हेच ऐकलं. अजून आठवलं की संताप होतो.

कारंज्यात आमच्या घरापासून गुरुमंदिर फार लांब नाही. पण तेवढ्या वाटेत मला दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर बसावं लागायचं. कंबरेतून पोटऱ्यांपर्यंत मुंग्या यायच्या, पाय जड व्हायचे. बसलं की पाच मिनिटांत शांत. बाजारात भाजीच्या गाडीवर कोपरं टेकून ओणवं झालं, तरी बरं वाटायचं. हे मी प्रत्येक दवाखान्यात सांगितलं. कुणी कागदावर घेतलं नाही. गोळ्या, पट्टा, झोपवून काढलेला एक्स-रे, मग एमआरआय. निदान काय, तर "गादी थोडी दबली आहे."

अकोल्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "उभं राहून फोटो काढला का कधी?" नव्हता काढला. त्यांनी उभ्यानं तीन काढायला लावले: सरळ, पुढे वाकून, मागे वाकून. मग मणक्यांच्या मागच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढत आणली. कंबरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत ती नीट आली आणि पाचव्यापाशी तुटली. चौथा पुढे सरकला होता. आडवं झालं की तो बराचसा जागेवर जायचा, आणि एमआरआय तर सहसा झोपवूनच काढतात! सरकणं 25 टक्क्यांच्या आत, म्हणजे पहिली पायरी. हजारो रुपयांच्या तपासणीत निसटलं ते साध्या फोटोत दिसलं.

आमच्या शेजारच्या पायाळू आजी चमक उतरवायला पाठीला पाय लावतात. त्यांनी फार आधी बोट ठेवून म्हटलं होतं, "इथं खाच लागते वं बाई." मी ते उडवून लावलं. मग कुणाकुणावर रागवायचं? तरीही, सरकलेल्या मणक्यावर पाय देऊन घेऊ नका, पाठ मोडून घेऊ नका.

अकोल्याचे डॉक्टर ऑपरेशन सध्या नको म्हणाले. सहा महिने पोटाच्या स्नायूंचे व्यायाम केले, मागे वाकणं सोडलं, वजनही उतरवलं. हो, वजनाचं आधीच्या डॉक्टरांचं म्हणणं चूक नव्हतं. पण ते निदान नव्हतं.

चालताना पाय भरून येत असतील आणि बसल्यावर थांबत असेल, तर उभ्यानं एक्स-रे काढायचा का, हे स्वतःहून विचारा. आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.